खडकावरची वाटी

कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला ‘वाटी’ म्हटलं की दोन वाट्या आठवतात. एक रश्श्याची. तांबडा की पांढरा, हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा; आम्हाला दोन्ही लागतात. दुसरी गुडघ्याची. आमच्या पेठेतल्या तालमीत चार-आठ दिवसांनी कुणाची ना कुणाची वाटी सरकायचीच. पोर तांबड्या मातीत कण्हत पडलेलं असायचं आणि वस्ताद त्याच्या गुडघ्यावर पंजा ठेवून म्हणायचे, “हलू नगंस. वाटी हाय ती, खिळ्यानं ठोकल्याली न्हाई.”

या हाडाला डॉक्टर ‘पटेला’ म्हणतात हे मला पुष्कळ उशिरा कळलं. लॅटिनमध्ये पटेला म्हणजे लहानशी ताटली, उथळ भांडं. म्हणजे दोन हजार वर्षांच्या आणि एका समुद्राच्या अंतरावर बसून, एकमेकांचं तोंडही न पाहता, रोमन माणसानं आणि मराठी माणसानं एकाच हाडाकडे बघून स्वयंपाकघरातल्या एकाच वस्तूची आठवण काढली. मला याचं फार कौतुक वाटलं होतं. पुढे तेच नाव आणखी एका ठिकाणी भेटलं. १७५८ साली स्वीडनचा कार्ल लिनियस साऱ्या प्राणिसृष्टीला दोन-दोन शब्दांची नावं वाटत होता, तेव्हा समुद्रकाठच्या खडकाला चिकटून बसणाऱ्या एका गोगलगायीच्या वाट्याला त्यानं ‘पटेला’ हेच नाव दिलं. इंग्रजीत तिला लिंपेट म्हणतात. या प्रकरणापुरतं मी तिला खडकवाटी म्हणणार आहे.

ती पाहायला कोल्हापूरकरानं गगनबावड्याचा घाट उतरावा आणि सरळ मालवणला जावं. सिंधुदुर्ग किल्ला समोर ठेवून ओहोटीच्या वेळी काळ्या खडकांत शिरलं की आधी पाय घसरतो, मग डोळे सरावतात, आणि मग दिसतं की खडकावर जे फोड आल्यासारखे वाटत होते ते जिवंत आहेत. उपड्या घातलेल्या लहान वाट्या. बुडाशी गोल, वर निमुळत्या, शेंड्यापासून काठापर्यंत छत्रीच्या काड्यांसारख्या रेषा. आपल्या किनाऱ्यावर नेहमी भेटणारी जात म्हणजे ‘सेलाना रेडिएटा’; यातलं रेडिएटा या रेषांवरूनच आलंय. इतर गोगलगायींच्या शंखाला असतो तसा पीळ हिच्या शंखाला नाही, दार बंद करायचं झाकण नाही. खाली एक रुंद मांसल पाय आणि वर टोपी, एवढाच संसार.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे पेरू कापायची सुरी होती. एका वाटीला आधी बोटानं हलवून पाहिलं. ती किंचित हलली. मग सुरीचं टोक काठाखाली घालायला गेलो तर टोक वाकलं, वाटी जागची हलेना. माझी चूक अशी की मी आधी तिला कळवलं होतं. बेसावध असताना बाजूनं एकदम फटका बसला तर ती निघते. नुसता धक्का लागला की पायाचे स्नायू आवळून ती शंख खडकावर असा दाबते की दुसरा प्रयत्न फुकट जातो. ओहोटीच्या वेळी पायाखालचा चिकट स्राव गोंदासारखा धरतो, पाण्याखाली असताना चोखण धरल्यासारखी पकड कामी येते, आणि ती दोन्हींत अदलाबदल करत राहते.

खासबाग मैदानात खाली बसलेला पैलवान पाहिलाय ना? वरचा कब्जा घेऊन बसलाय, घिस्सा मारतोय, मानेवर कोपर रुतवतोय, आणि खालचा छाती मातीला लावून नुसता पडलाय. प्रेक्षक ओरडतात, शिट्ट्या मारतात, पण खालच्याला काही पडलेली नसते. त्याचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर : पाठ मातीला लागता कामा नये. खडकवाटीची कुस्ती अशीच. फरक इतकाच की खासबाग शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून पुरं केलं, आणि हिचा प्रतिस्पर्धी म्हणजे लाट, ती त्याच्या कितीतरी आधीपासून रोज दोनदा आखाड्यात उतरते. वाटी एकदा उलटी झाली, म्हणजे चितपट झाली, की तिला सहज सुलटं होता येत नाही. खेकडे आणि पक्षी वाट बघतच असतात.

आता नावांकडे. इथे खरी गंमत सुरू होते, आणि पाय घसरायची जागाही इथेच आहे.

‘लिंपेट’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, हा तर आपलाच! लिंपणं, लिंपण, लेप. आजी चूल लिंपायची, भिंतीचं भोक शेणमातीनं लिंपायची. चिकटून राहते ती लिंपेट. संस्कृत धातू ‘लिप्’, त्याचं ‘लिम्पति’. अक्षरं जुळतात, अर्थही जुळतो, आणखी काय पाहिजे? असल्या जुळणीवर आपल्याकडे पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत, ज्यांत व्हॅटिकन म्हणजे वाटिका असते. मी चार दिवस या शोधाच्या आनंदात होतो.

शब्दकोशानं तो आनंद घालवला. इंग्रजीतलं जुनं रूप ‘लेम्पेडू’, ते मध्ययुगीन लॅटिनमधल्या ‘लाम्प्रेडा’वरून आलेलं. त्या लाम्प्रेडाला दोन लेकरं झाली. एक लिंपेट, आणि दुसरं ‘लॅम्प्री’ : वामीसारखा लांबट, जबडा नसलेला मासा, जो गोल तोंडाच्या चोखणीनं दगडाला किंवा दुसऱ्या माशाला चिकटतो. मासा आणि गोगलगाय यांचं नातं काय? काही नाही. दोघं चिकटतात, एवढंच. त्या नावाचं आणखी जुनं रूप ‘लाम्पेट्रा’. त्याची फोड काहींनी ‘दगड चाटणारा’ अशी केली, कारण लॅटिनमध्ये ‘लाम्बेरे’ म्हणजे चाटणं आणि ‘पेट्रा’ म्हणजे खडक. ही फोड ऐकायला गोड आहे, आणि मला शंका आहे की माझ्या लिंपणाइतकीच ती मागाहून सुचलेली असावी.

आपल्या ‘लिप्’चे खरे नातेवाईक इंग्रजीत आहेत, पण ते ओळखू येत नाहीत. भाषाशास्त्रज्ञ या धातूचं मूळ ‘चिकटणं, तेलकट असणं’ अशा अर्थाच्या एका प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधतात. त्याच मुळातून ग्रीकमध्ये चरबीला ‘लिपोस’ शब्द मिळाला, ज्यावरून रक्ततपासणीच्या कागदावर आपण ‘लिपिड’ वाचतो आणि पांढऱ्या रश्श्याचा विचार करून सुस्कारा टाकतो. त्याच मुळातून ‘चिकटून राहणं, टिकून राहणं’ असा अर्थ होत होत इंग्रजीतला ‘लाइफ’ आला. म्हणजे आजीच्या लिंपणाचं नातं जगण्याशी आहे, कोलेस्टेरॉलच्या कागदाशी आहे, फक्त लिंपेटशी नाही. जे सारखं दिसतं ते नात्यातलं नसतं. जे नात्यातलं असतं त्याचा चेहरा भलताच. हे वाक्य ध्यानात ठेवा, कारण या प्राण्याच्या बाबतीत ते पुन्हा समोर येणार आहे.

‘पटेला’ आणि आपलं ‘पातेलं’ यांचीही अशीच फसवी जोडी जमते. दोन्ही भांडी, दोन्ही उघड्या तोंडाची. पण पातेलं आपल्या ‘पात्र’, ‘पातिली’ या गोतावळ्यातलं मानतात आणि पात्राच्या मुळाशी ‘पा’ म्हणजे पिणं आहे; पटेला मात्र पसरट ताटाच्या ग्रीक-लॅटिन घराण्यातली. तरी रोमन पटेला आणि कोल्हापूर यांची गाठ अगदीच पडली नाही असं नाही. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात १९४० च्या दशकात कांस्याच्या वस्तूंचा साठा सापडला. १९४५-४६ मध्ये हसमुख सांकलिया आणि मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन केलं. त्या साठ्यात रोमन बनावटीची भांडी होती आणि एक छोटा देव होता, पॉसिडॉन. समुद्राचा देव सह्याद्री चढून सातवाहनांच्या काळात कोल्हापुरात आला आणि आज टाऊन हॉल संग्रहालयात बसलाय. शाळेच्या सहलीत आम्ही त्याच्यासमोरून धावत गेलो होतो. हातात त्रिशूळ नाही, मग हा कुठला देव?

आणि नावाच्या फसवणुकीबद्दल बोलायला आम्हा कोल्हापूरकरांना लांब जायला नको. बाहेरगावच्या माणसाला हमखास वाटतं की कोल्हापूर म्हणजे कोल्ह्यांचं पूर. करवीर माहात्म्य सांगतं की महालक्ष्मीनं मारलेल्या कोल्हासुरानं मरताना मागणं मागितलं, माझं नाव या क्षेत्राला राहू दे. शिलालेखांत ‘कोल्लापुर’ येतं, जैन परंपरेत ‘क्षुल्लकपूर’ही, आणि काही अभ्यासक कानडीतल्या दरी, खोलगट जागा अशा अर्थाच्या ‘कोल्ल’कडे बोट दाखवतात. मला कानडीवाला पक्ष पटतो. पण रंकाळ्यावर भेळ खाताना मी असुराच्या बाजूचा असतो.

ग्रीक लोक या प्राण्याला ‘लेपास’ म्हणत. अॅरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या ग्रंथात लेपासबद्दल एक अचूक गोष्ट नोंदवली : हा खडकाला घट्ट धरतो, पण सुटून अन्नाच्या शोधात फिरायलाही जातो. पुढे काय झालं? लिनियसनं ‘लेपास’ हे नाव उचलून एका भलत्याच प्राण्याला दिलं. जहाजांच्या बुडाला, वाहत्या लाकडाला देठानं लटकणारे जे कवचधारी जीव असतात, इंग्रजीत बार्नेकल, त्यांना. ते तर गोगलगायही नव्हेत, खेकडे-कोळंबीच्या कुळातले. अॅरिस्टॉटल आज येऊन लेपास मागेल तर प्राणिशास्त्रज्ञ त्याच्यासमोर कोळंबीची चुलत बहीण ठेवतील.

अॅरिस्टॉटलनं पाहिलेली ती भटकंती मात्र खरी आहे, आणि तिच्यात या प्राण्याचं सगळं शहाणपण आहे. भरतीचं पाणी चढलं की खडकवाटी हळूहळू सरकते, खडकावरचं शेवाळ खरवडत फिरते, आणि पाणी उतरायच्या आत बहुधा अगदी स्वतःच्याच जागेवर परत येते. शेजारच्या वितीवर चालत नाही, तिथेच यावं लागतं. कारण त्या जागेशी तिचा काठ घासून घासून जुळलेला असतो. खडक मऊ असेल तर खडकाला खळगी पडते. खडक कठीण असेल तर शंखाचा काठ त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे झिजतो. कसंही करून फट राहत नाही. ओहोटीचं ऊन चार-सहा तास डोक्यावर असताना आतला ओलावा टिकवायचा तो याच बंदोबस्तावर. वाट कशी सापडते याच्या उत्तरात तिच्या मागे राहणाऱ्या चिकट रेषेचा हात आहे. आमच्याकडच्या म्हशीला संध्याकाळी गोठ्याची वाट सांगावी लागत नाही, तसंच काहीसं.

खरवडायचं हत्यार म्हणजे जीभ. फितीसारखी लांब, तिच्यावर कानशीसारख्या दातांच्या ओळींवर ओळी. युरोपातल्या ‘पटेला वल्गाटा’ या जातीत ही फीत प्राण्याच्या शंखाहूनही लांब असते आणि आत गुंडाळलेली असते. पुढचे दात झिजतात, मागून नवे येतात. खडक खरवडणारे दात साधे असून भागणार नाही. त्यांच्यात लोखंड असतं. २०१५ साली पोर्ट्समथ विद्यापीठातल्या आसा बार्बर यांच्या गटानं या दातांतले अतिसूक्ष्म कण सुटे करून ताणून पाहिले. त्यांची ताणशक्ती ३ ते ६.५ गिगापास्कल भरली. हा आकडा आपल्या भाषेत आणायचा तर : तेवढ्याच ताकदीचा एक चौरस मिलिमीटर जाडीचा दोरा केला, तर त्याला ३०० ते ६५० किलो वजन लटकवता येईल. शंभर किलोचे तीन ते सहा हिंदकेसरी, एका दोऱ्यावर. तोवर जिवंत सृष्टीतल्या पदार्थांत ताकदीचा मान कोळ्याच्या रेशमाचा होता; तो या दातांनी घेतला.

या दातांतलं लोखंड ज्या खनिजाच्या रूपात असतं त्याचं नाव गोएथाइट. १८०६ मध्ये ते जर्मन कवी गटेच्या नावावरून ठेवलं गेलं, कारण त्या गृहस्थाला कवितेइतकाच दगडांचाही नाद होता. हाच तो गटे, ज्यानं शाकुंतल वाचून डोक्यावर घेतलं. आणि हे खनिज पाहायला कोल्हापूरकराला घाटही उतरायला नको. पन्हाळ्यावर, मसाई पठारावर पायाखाली जो जांभा दगड असतो त्याचा पिवळट-तपकिरी रंग बराचसा याच गोएथाइटचा. पावसानं लाखो वर्षं बेसाल्ट धुऊन जे मागे ठेवलं, तेच या गोगलगायीनं समुद्राच्या पाण्यातून गोळा करून दातांत भरलं.

जगभरातल्या माणसांनी या प्राण्याला काय काय म्हटलंय ते पाहिलं तर बहुतेक नावं ‘काय दिसतं’ या एकाच प्रश्नाची उत्तरं आहेत. जर्मन ‘वाडग्याची गोगलगाय’ म्हणतात. वेल्स देशात एक नाव आहे ‘मेंढ्याचा डोळा’. बारक्या मेंढ्याचे पिवळट डोळे ज्यांनी पाहिलेत त्यांना ते पटेल. जपानी लोक आपल्या सेलानाच्याच एका बहिणीला ‘सुनेची टोपी’ म्हणतात. बांबूची निमुळती टोपी घालून पावसात शेतात वाकलेली नवी सून. आमच्या पश्चिमेकडच्या भातखाचरांत अशा वेळी इरलं असतं, म्हणून हा प्राणी आमच्या अंगणात राहत असता तर त्याला इरलं म्हटलं गेलं असतं, असं मला वाटतं. हवाई बेटांवर मात्र नावाला भीतीची किनार आहे. तिथे याला ‘ओपिही’ म्हणतात, आवडीनं खातात, आणि म्हणीत त्याला मरणाचा मासा ठरवतात. कारण उसळत्या लाटांच्या खडकावर तो काढायला वाकलेली माणसं पाण्यानं ओढून नेली आहेत.

इंग्रजांनी तर तिचं नाव बाँबला दिलं. १९३९ साली स्टुअर्ट मॅक्रे आणि सेसिल क्लार्क या दोघांनी शत्रूच्या जहाजाच्या बुडाला पोहत जाऊन चिकटवता येईल असा सुरुंग तयार केला. पहिल्या नमुन्याचं कवच म्हणून बाजारातून भांडी धुवायचं पातेलंवजा घमेलं आणलं होतं. पुन्हा भांडंच! कडेला लोहचुंबक, आणि स्फोटाला उशीर व्हावा म्हणून बडीशेपेच्या चवीची गोल गोळी. ती पाण्यात विरघळली की घोडा सुटायचा. वापराआधीच ती ओली होऊ नये म्हणून वर निरोध चढवलेला. नाव ठेवलं ‘लिंपेट माइन’.

या लिंपेटशी एका मराठी माणसाची गाठ पडली. १९७१ मध्ये भारतीय नौदलानं भागीरथीच्या काठी, पलाशीच्या रणभूमीजवळ, पूर्व बंगालच्या तरुणांना गुपचूप पाणबुड्या छापेमारांचं शिक्षण दिलं. या मोहिमेची सूत्रं नौदलाच्या ज्या अधिकाऱ्यांच्या हातात होती त्यांत कमांडर मोहन सामंत होते. पोरं छातीला लिंपेट बांधून रात्र रात्र नदीत पोहायची. रेडिओवर ठरलेलं एक गाणं लागलं की तयारीला लागायचं, दुसरं ठरलेलं गाणं लागलं की निघायचं. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या बंदरांत जहाजांच्या बुडाशी एकामागून एक स्फोट झाले. डिसेंबरच्या युद्धात सामंतांनी स्वतः गनबोटी घेऊन मोंगला आणि खुलनापर्यंत धडक मारली. त्याबद्दल त्यांना महावीर चक्र मिळालं.

चिकटण्याच्या कौतुकासाठी मराठीनं मात्र गोगलगाय निवडली नाही. वैतागानं बोलायचं तर आपण गोचीड म्हणतो, आणि कौतुकानं बोलायचं तर घोरपड. सिंहगडचा तानाजी आणि त्याची यशवंती सगळ्यांना ठाऊक आहे. त्याहून जुनी कथा आमच्या जिल्ह्यातल्या विशाळगडाची. त्याचं तेव्हाचं नाव खेळणा. पंधराव्या शतकात बहमनी वजीर महमूद गवान कोकण मोहिमेवर असताना हा गड काही केल्या हाती येईना. मुधोळच्या घोरपडे घराण्याची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांनी घोरपडीला दोर बांधून कडा चढवला, गड घेतला आणि त्याबद्दल सुलतानाकडून ‘घोरपडे’ हा किताब मिळवला. या घटनेच्या फर्मानाच्या अस्सलपणावर इतिहासकार भांडतात. मला भांडणापेक्षा घोरपडीची काळजी वाटते. तिची पकड नख्यांची असते, कपारीत अंग फुगवून ती बसली तर ओढून निघत नाही हे खरं. पण शंभर हातांच्या कड्यावर माणसाचं ओझं? खडकवाटीनं हे काम घेतलं असतं. फक्त वर चढायला तिला पावसाळे लागले असते.

घोरपडे या आडनावाची दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. आमच्याच जिल्ह्यातल्या कापशीला सेनापती संताजी घोरपड्यांचं घराणं. कोकणातल्या म्हापणचा नारो महादेव जोशी नावाचा ब्राह्मण मुलगा त्यांच्या आश्रयाला आला, त्यांच्या दौलतीत वाढला, मोठा झाला, आणि धन्याच्या उपकारांची आठवण म्हणून त्यानं जोशी आडनाव सोडून घोरपडे लावलं. इचलकरंजीचं जहागीरदार घराणं ते हेच. पुढे त्याचा मुलगा व्यंकटराव बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचा जावई झाला. कापशीचे घोरपडे आणि इचलकरंजीचे घोरपडे : आडनाव एक, जिल्हा एक, रक्ताचा संबंध शून्य.

खडकवाट्यांचं नेमकं असंच आहे. मालवणच्या त्या खडकावर पुन्हा जाऊ. सेलानाच्या शेजारीच, हातभर अंतरावर, तशाच रेषांची, तशीच निमुळती आणखी एक वाटी बसलेली असते. तिला नीट पाहिलं तर उजव्या बाजूला काठ किंचित फुगलेला दिसतो, एखादी रेघ जास्त मोठी. ही ‘सायफोनारिया’. त्या फुगवट्याखाली तिची हवा घ्यायची पोकळी आहे. तिचं कूळ आपल्या बागेतल्या, पावसाळ्यात कोबी खाणाऱ्या गोगलगायीच्या बाजूचं. सेलानाचं कूळ त्यापासून फार फार पूर्वी फुटलेलं. शेंड्याला भोक असलेल्या खडकवाट्या आहेत, त्या तिसऱ्याच घराण्यातल्या. आत अर्धा पडदा असलेल्या, सपातेसारख्या दिसणाऱ्या आणखी वेगळ्या. समुद्राच्या तळाशी उकळत्या पाण्याच्या झऱ्यांजवळही वाट्याच, पण त्यांचे आजोबा निराळे. गोगलगायींच्या कितीतरी घराण्यांनी आपापला पिळाचा शंख सोडून स्वतंत्रपणे उपडी वाटी पत्करली. लाटेला धरायला कोपरा मिळू नये, पाय रुंद असावा आणि कवच ठेंगणं. या कोड्याची उत्तरं फार नाहीत. लिंपेट हा एका वंशाचा नव्हे, एका आकाराचा शब्द आहे.

आणि वाट्या गोड्या पाण्यातही आहेत. ‘फेरिसिया’ म्हणतात त्यांना. नखाच्या पांढऱ्या चंद्राएवढ्या, पापुद्र्यासारख्या, संथ पाण्यातल्या पानाच्या किंवा दगडाच्या पोटाला चिकटलेल्या. भिंगाशिवाय चिखलाचा ठिपकाच वाटेल. त्यांना लाटेशी झुंजायचं नाही, दात दाखवायचे नाहीत, कुणी त्यांना टोपी म्हणत नाही की डोळा म्हणत नाही. पण महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासात ज्या एका खडकवाटीचं नाव लिहिलं गेलं, ती हीच.

रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, गिमवी नावाचं गाव आहे. १९५० च्या सुमाराला तिथल्या लोकांच्या लघवीतून रक्त जात असल्याचं आढळलं आणि तपासणीत ‘शिस्टोसोमा’ या चपट्या जंताची अंडी मिळाली. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी हे प्रसिद्ध केलं तेव्हा वैद्यकजगत चमकलं, कारण हा तर नाईलकाठचा, आफ्रिकेतला रोग. भारतात तो नाहीच असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. या जंताला माणसाइतकीच एका गोगलगायीची गरज असते. लघवीतून पाण्यात गेलेलं अंडं फुटतं, अळी बाहेर येते, गोगलगायीच्या अंगात शिरते, तिथे एकीच्या हजारो होतात, आणि त्या पुन्हा पाण्यात उतरून ओढ्यावर धुणं धुणाऱ्या, अंघोळ करणाऱ्या माणसाची कातडी भेदतात. आफ्रिकेत ही गोगलगाय असते ‘बुलिनस’, चांगला पिळाचा शंख असलेली. कोकणात बुलिनस नाही. मग गिमवीच्या ओढ्यात जंतानं घर कुणाकडे केलं?

संशोधकांनी बोट दाखवलं ते ‘फेरिसिया टेन्युइस’कडे, त्या चिमुकल्या वाटीकडे. त्यावर पुढे तज्ज्ञांमध्ये मतभेदही झाले. पिळाचा शंख आणि उपडी वाटी, दिसायला कुठेच मेळ नाही. जुन्या वर्गीकरणात फेरिसियाला वेगळ्या घराण्यात बसवलं होतं, ते वाटीच्या आकाराकडे बघूनच. नंतर जनुकं वाचली गेली तेव्हा ती तबकडीसारखा सपाट पीळ असलेल्या गोड्या पाण्याच्या गोगलगायींच्या घरात निघाली, बुलिनसच्याच भावकीत.

जंताच्या अळीला डोळ्यांनी आकार पाहता येत नाही. गोगलगायीच्या अंगातून पाण्यात जे विरघळतं त्याच्या मागावर ती पोहते. लिनियसला, कोशकारांना आणि पेरूची सुरी घेऊन गेलेल्या मला जे दिसलं ते तिला दिसण्याची सोयच नव्हती. गिमवीच्या संथ पाण्यात, एखाद्या पानाच्या पोटाशी, बुलिनसच्या भावकीचा वास तिला आला असेल, आणि त्या चिखलाच्या ठिपक्याजवळ ती वळली असेल.